इथरनेटची फ्रेम ऑप्टिकल नेटवर्कवर कशी चढवायची: मॅपिंग, मापं आणि नेहमीच्या चुका

इथरनेट पोर्टमधून डेटा तुकड्यांनी येतो. एक फ्रेम, मग मोकळी जागा, मग दुसरी फ्रेम. त्याचं घड्याळ ±१०० पीपीएम (दहा लाखांत शंभर भाग) इतकं मागेपुढे होऊ शकतं. ऑप्टिकल ट्रान्सपोर्टचा स्वभाव अगदी उलटा आहे. एसडीएच (जुनी समकालिक ट्रान्सपोर्ट पद्धत) असो की ओटीएन (तिच्यानंतरची ऑप्टिकल ट्रान्सपोर्ट पद्धत), ठरलेल्या वेगाचा कंटेनर अखंड चालू असतो आणि भरायला काही नसलं तरी तो रिकामा पाठवावाच लागतो. त्याचं घड्याळही कडक असतं: एसडीएचला ±४.६ पीपीएम, ओटीएनला ±२० पीपीएम. या दोघांची सांगड घालणं म्हणजे मॅपिंग.

काम बिघडतं ते बहुतेक वेळा फायबरमुळे नाही. दोन टोकांना दोन वेगळी मॅपिंग लावलेली असतात, किंवा कंटेनरचं माप अंदाजाने घेतलेलं असतं. म्हणून केबल जोडण्याआधी कागदावर करायच्या गोष्टींना इथे जास्त जागा दिली आहे.

पायरी १: पलीकडे नेमकं काय पोहोचलं पाहिजे ते ठरवा

हा प्रश्न सुटला की बाकीचे निर्णय जवळजवळ आपोआप होतात. पर्याय तीन आहेत.

पहिला, फक्त मॅक फ्रेम पोहोचवणं. डेस्टिनेशन पत्त्यापासून एफसीएसपर्यंतचे (फ्रेमच्या शेवटचा चुका पकडणारा आकडा) बाइट उचलायचे. आधीची ७ बाइटची प्रीअँबल (फ्रेम येत असल्याची सूचना), १ बाइटचा एसएफडी (फ्रेम सुरू झाल्याची खूण) आणि फ्रेममधली किमान १२ बाइटची मोकळी जागा टाकून द्यायची. पलीकडचं कार्ड हे सगळं नव्याने तयार करतं. जीएफपी-एफ (जेनेरिक फ्रेमिंग प्रोसिजरचा फ्रेमवार प्रकार) हेच करतं. यात बँडविड्थ वाचते. पण ऑटोनिगोशिएशन (पोर्टनी वेग वगैरे आपसात ठरवणं) प्रत्येक टोकाला स्थानिक पातळीवरच संपतं, पॉज फ्रेम (‘थोडं थांबा’ सांगणारी) बहुधा कार्डच गिळतं आणि सिंक्रोनस इथरनेटचं घड्याळ पलीकडे जात नाही.

दुसरा, कोडवर्डसकट पोहोचवणं. १ गिगाबिट इथरनेटमधले ८बी/१०बी कोड अर्थ कायम ठेवून आटोपशीर रूपात बदलायचे आणि पलीकडे पुन्हा मूळ रूपात आणायचे. ऑटोनिगोशिएशनचे कोड, मोकळ्या जागेतले कोड, घड्याळ, सगळं जातं.

तिसरा, बिट जसेच्या तसे नेणं. १० गिगाबिटचा १०.३१२५ जीबीपीएसचा प्रवाह न उघडता कंटेनरमध्ये ओतायचा.

ग्राहकाला फक्त दोन राउटरमध्ये पॅकेट हवी असतील आणि वेग पोर्टच्या वेगापेक्षा कमी विकला जात असेल, तर पहिला पर्याय. मोबाइल टॉवरला वेळेचा संदर्भ इथरनेटवरूनच मिळत असेल, किंवा ग्राहक स्वतःचे प्रोटोकॉल लिंकवर चालवत असेल, तर दुसरा किंवा तिसरा. पूर्ण वेगाच्या लीज लाइनला पारदर्शक मॅपिंगच द्यावं. थोडी बँडविड्थ वाचवायला जीएफपी-एफ लावलं, तर पुढे ‘आमचा अमुक प्रोटोकॉल का जात नाही’ या तक्रारी निस्तरण्यात त्याच्या कितीतरी पट वेळ जातो.

पायरी २: जीएफपी फ्रेम आतून समजून घ्या

जीएफपीचं मानक आयटीयू-टी जी.७०४१. याआधी एचडीएलसीच्या घराण्यातल्या पद्धती वापरात होत्या. त्यांच्यात फ्रेमची हद्द ७ई या षोडशमान बाइटने दाखवतात. तोच बाइट डेटात आला की त्याजागी दोन बाइट घालावे लागतात, म्हणजे डेटाच्या मजकुरावर बँडविड्थ अवलंबून. जीएफपीने ही कटकट संपवली. फ्रेमच्या सुरुवातीलाच लांबी सांगायची आणि ती लांबी सीआरसीने (चुका पकडणाऱ्या तपासणी-आकड्याने) राखायची.

कोअर हेडर ४ बाइटचं. पहिले दोन बाइट पीएलआय, म्हणजे पुढे किती बाइट आहेत तो आकडा. पुढचे दोन सीएचईसी, म्हणजे त्या आकड्यावरचा १६ बिटचा सीआरसी. त्यानंतर पेलोड (आतला मूळ डेटा) हेडर: दोन बाइट टाइप आणि दोन बाइट टीएचईसी, म्हणजे टाइपवरचा सीआरसी. मग इथरनेट फ्रेम. शेवटी हवा असेल तर ४ बाइटचा पेलोड एफसीएस.

१५१८ बाइटची इथरनेट फ्रेम घेऊन हिशोब करू. पेलोड एफसीएस नाही, एक्स्टेन्शन हेडर नाही. पुढे येणारे बाइट ४ + १५१८ = १५२२, षोडशमानात ०५ एफ२. त्याचा सीएचईसी निघतो ३० ए८. म्हणजे कोअर हेडर ०५ एफ२ ३० ए८. हे असंच लाइनवर जात नाही. त्यावर बी६ एबी ३१ ई० या ठरलेल्या आकड्याचा एक्सऑर होतो आणि प्रत्यक्ष बाहेर पडतात बी३ ५९ ०१ ४८. पाठवायला काही नसेल तेव्हा ०० ०० ०० ०० अशी ४ बाइटची आयडल फ्रेम जाते, म्हणजे लाइनवर बी६ एबी ३१ ई० हीच माळ दिसते. विश्लेषकावर ती सलग दिसत असेल तर जीएफपी जिवंत आहे आणि क्लायंटकडून (इथरनेट पोर्टच्या बाजूने) काही येत नाही, एवढं तिथल्या तिथे कळतं.

टाइपमध्ये चार गोष्टी असतात: ३ बिट पीटीआय (डेटा फ्रेम की व्यवस्थापन फ्रेम), १ बिट पीएफआय (पेलोड एफसीएस आहे का), ४ बिट ईएक्सआय (एक्स्टेन्शन हेडरचा प्रकार) आणि ८ बिट यूपीआय (आत कोणता क्लायंट आहे). साधा इथरनेट डेटा, पेलोड एफसीएस नसलेला, म्हणजे टाइप ०० ०१ आणि टीएचईसी १० २१. पेलोड एफसीएस लावला की पीएफआय बिट १ होतो: टाइप १० ०१, टीएचईसी १३ ५२. पीएलआयही ४ ने वाढून ०५ एफ६ होतो. हे चार-चार बाइट लक्षात ठेवले तर दोन्ही टोकांची सेटिंग जुळते का ते डंप (विश्लेषकाने टिपलेले बाइट) पाहताक्षणी कळतं. फक्त डंप डीस्क्रॅम्बल केलेला हवा, कारण कोअर हेडरनंतरचा सगळा भाग एक्सचा ४३वा घात अधिक १ या स्क्रॅम्बलरमधून (बिटांची मिसळ करणाऱ्या मंडलातून) जातो.

या स्क्रॅम्बलरचा एक तोटा ठाऊक असावा. लाइनवर एक बिट चुकला की डीस्क्रॅम्बल केल्यावर ४३ बिटांच्या अंतराने दोन चुकतात. इथरनेटचा ३२ बिटचा सीआरसी ती फ्रेम पकडतो, पण त्रुटींचे आकडे जुळवताना हा दुपटीचा भाग विसरू नका.

पेलोड एफसीएस लावावा का? इथरनेटचा स्वतःचा एफसीएस आत असताना तो जादा वाटतो. त्याचा खरा उपयोग दोष कुठे आहे ते शोधताना होतो. पलीकडे पेलोड एफसीएस ठीक आणि इथरनेट एफसीएस चुकीचा, तर फ्रेम ट्रान्सपोर्टमध्ये येण्याआधीच खराब होती; दोष क्लायंटच्या बाजूला. दोन्ही चुकले तर दोष मधल्या वाटेवर. ज्या लिंकवर दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवण्याची शक्यता असते, तिथे हे ४ बाइट स्वस्त पडतात.

पीएलआय फ्रेमच्या सुरुवातीला पाठवायचा, म्हणजे लांबी आधी कळायला हवी. म्हणून कार्ड पूर्ण फ्रेम साठवूनच पुढे पाठवतं. १ जीबीपीएसला १५१८ बाइटसाठी सुमारे १२ मायक्रोसेकंद, ९६०० बाइटच्या जंबो फ्रेमसाठी ७६.८ मायक्रोसेकंद. फ्रेमच्या आकाराप्रमाणे विलंब बदलतो, आणि वेळ-समक्रमणाच्या पॅकेटांना नेमका हाच चढउतार त्रास देतो.

पायरी ३: एसडीएचवर कंटेनरचं माप काढा

इथे एक गोष्ट सहज बुद्धीला पटत नाही. जीएफपी-एफ ८ बाइट जोडतं, पण इथरनेटचे २० बाइट (प्रीअँबल, एसएफडी आणि मोकळी जागा) काढून टाकतं. म्हणजे मॅपिंगनंतर लागणारी बँडविड्थ पोर्टच्या वेगापेक्षा कमी असते. सूत्र सोपं आहे:

लागणारा वेग = पोर्टचा वेग × (फ्रेमची लांबी + ८) ÷ (फ्रेमची लांबी + २०)

पेलोड एफसीएस असेल तर ८ ऐवजी १२ घ्या. १ गिगाबिट पोर्टवर ६४ बाइटच्या फ्रेमना सुमारे ८५७ एमबीपीएस लागतात, १५१८ बाइटना ९९२.२ आणि ९६०० बाइटना ९९८.८.

एसडीएचमधल्या व्हर्च्युअल कंटेनरची (व्हीसी) पेलोड क्षमता अशी: व्हीसी-१२ ला २.१७६ एमबीपीएस, व्हीसी-३ ला ४८.३८४, व्हीसी-४ ला १४९.७६. व्हर्च्युअल कॉन्कॅटनेशनने हवे तेवढे कंटेनर एका गटात बांधता येतात. १ गिगाबिटला व्हीसी-४ चे सहा घेतले तर ८९८.५६ एमबीपीएस, अपुरे. सात घेतले तर १०४८.३२, पुरेसे. व्हीसी-३ चे एकवीस घेतले तर १०१६.०६, म्हणजे तेही भागतं आणि कमी वाया जातं. १०० एमबीपीएसच्या पोर्टला व्हीसी-१२ चे ४६ (१००.०९६), १० एमबीपीएसला ५ (१०.८८).

फास्ट इथरनेटसाठी (१०० एमबीपीएस) पुष्कळ जण दोन व्हीसी-३ देतात, कारण हाताळायला सोपे. क्षमता ९६.७६८ एमबीपीएस. वरच्या सूत्राने पाहिलं तर साधारण ३५१ बाइटपर्यंतच्या फ्रेम पूर्ण वेगाने जातात, त्यापुढे कंटेनर अपुरा पडतो. आरएफसी २५४४ ची (वेगवेगळ्या फ्रेम आकारांवर वेग मोजणारी) चाचणी लावली की ६४, १२८ आणि २५६ बाइटला शंभर टक्के, ५१२ पासून पुढे घट, १५१८ ला सुमारे ९७.५ टक्के. लहान फ्रेम जातात आणि मोठ्या पडतात असं दिसलं, की बफर किंवा कार्ड खराब असल्याचा संशय घेत बसू नका. आधी कंटेनर मोजा. स्विचचा पॅकेट-प्रोसेसर कमी पडत असतो तेव्हा चित्र उलट असतं: लहान फ्रेम पडतात, मोठ्या जातात. (१ जीबीपीएसला ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला १४,८८,०९५ येतात, तिथे प्रोसेसरची खरी परीक्षा.)

गटातले कंटेनर वेगवेगळ्या मार्गांनी गेले तर ते वेगवेगळ्या वेळी पोहोचतात आणि पलीकडच्या कार्डाला लवकर आलेले थांबवून ठेवावे लागतात. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. एक मार्ग २०० किलोमीटर, दुसरा ९००, तर फरक ३.५ मिलिसेकंद. लवकर येणाऱ्या प्रत्येक व्हीसी-४ मागे साधारण ६५ किलोबाइट बफर लागतो. मानकाच्या मल्टिफ्रेम रचनेत २५६ मिलिसेकंदांपर्यंतचा फरक ओळखता येतो, पण कार्डाचा बफर तेवढा असेलच असं नाही. कार्डाच्या माहितीपत्रकातला डिफरन्शियल डिलेचा आकडा पाहा आणि संरक्षण-मार्गावर गेल्यावरचा फरकही मोजा. नेहमीचा मार्ग चालतो आणि स्विचिंग झालं की गट कोसळतो, याचं कारण बहुधा तिथेच सापडतं.

एलसीएएस (गटाची क्षमता चालू असतानाच कमीजास्त करणारी पद्धत, मानक जी.७०४२) लावलं तर गटातला एक सदस्य बिघडल्यावर तेवढाच बाजूला काढला जातो आणि उरलेल्यांवर वाहतूक कमी वेगाने चालू राहते. ते नसेल तर एका सदस्याच्या बिघाडाने अख्खा गट पडतो. सात व्हीसी-४ चार एका मार्गाने आणि तीन दुसऱ्या मार्गाने नेले, तर वेगळं संरक्षण न देताही सेवा अर्धवट तरी टिकते. एलसीएएस दोन्ही टोकांना सारखंच ठेवा. आणि सी२ सिग्नल लेबल (कंटेनरमध्ये काय भरलंय ते सांगणारा बाइट) तपासा: जीएफपीसाठी १बी. जुन्या पीपीपीसारख्या मॅपिंगचं लेबल १६ असतं. एकीकडे ते राहिलं तर पेलोड मिसमॅचचा अलार्म येतो.

पायरी ४: ओटीएनवर योग्य ओडीयू निवडा

ओटीएनचं मानक जी.७०९. त्यात डेटा ओपीयूत भरतात, ओपीयू टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्या ओडीयूत असतो आणि ओडीयू लाइनवरच्या ओटीयूत. फ्रेम चार ओळी आणि ४०८० स्तंभांची. पहिले १४ स्तंभ ओटीयू व ओडीयूच्या ओव्हरहेडचे (देखरेखीच्या माहितीचे), १५ आणि १६ ओपीयूच्या ओव्हरहेडचे, १७ ते ३८२४ पेलोडचे, उरलेले २५६ एफईसीचे (चुका दुरुस्त करण्यासाठीचे जादा बाइट). वेग वाढला तरी फ्रेमचा आकार बदलत नाही, फक्त ती लवकर लवकर येते. ओडीयू० ची एक फ्रेम ९८.३५४ मायक्रोसेकंदांची, ओडीयू४ ची १.१६८.

*१ गिगाबिट.* यासाठी ओडीयू० आहे, १.२४४१६ जीबीपीएसचा. पेलोडला मिळतात १.२३८९५४ जीबीपीएस, आणि १ गिगाबिट इथरनेट ८बी/१०बी कोडसकट १.२५ जीबीपीएसचं. म्हणजे थोडक्यात मावत नाही. म्हणून आधी जीएफपी-टीच्या (जीएफपीचा कोडसकट नेणारा पारदर्शक प्रकार) पद्धतीने ते आटोपशीर करतात. आठ-आठ कोडचा एक गट ६५ बिटांत बसवायचा. असे आठ गट मिळून ६४ बाइट, त्यांच्या निशाण्यांचा १ बाइट आणि सीआरसीचे २ बाइट, असा ६७ बाइटचा सुपरब्लॉक. त्याला जीएफपीची ८ बाइट हेडर लावली की ७५ बाइट. आत आले होते ६४ कोड, म्हणजे ६४० बिट. बाहेर पडले ६०० बिट. गुणोत्तर नेमकं १५/१६, आणि वेग १.१७१८७५ जीबीपीएस. मध्ये भर घालायला एकही आयडल नसल्यामुळे या वेगात क्लायंटचं घड्याळ जसंच्या तसं उतरतं.

पुढे जीएमपी (जेनेरिक मॅपिंग प्रोसिजर) हा प्रवाह ओपीयू० मध्ये पसरवतं. १५,२३२ बाइटच्या पेलोडमध्ये प्रत्येक फ्रेमला सुमारे १४,४०७ बाइट डेटा असतो, बाकी भरताड. नेमके किती ते ओव्हरहेडमधल्या जेसी बाइटमधून पलीकडे सांगितलं जातं. क्लायंटचं घड्याळ मागेपुढे झालं की हा आकडा एखाद-दोन बाइटने हलतो.

ओडीयू० मध्ये १ गिगाबिट जीएफपी-एफनेही घालता येतं, आणि घोळ नेमका इथे होतो. पारदर्शक मॅपिंगचा पेलोड टाइप (ओपीयूत काय भरलंय त्याचा आकडा) ०७, जीएफपी-एफचा ०५. दोन वेगळ्या पिढ्यांच्या कार्डांचं डीफॉल्ट वेगळं असलं तर ओडीयू निरोगी दिसतो, ऑप्टिकल पातळी ठीक असते आणि क्लायंट मात्र उभा राहत नाही.

*१० गिगाबिट.* ओटीएनमधली सगळ्यात जास्त डोकेदुखी इथली, आणि तिचं मूळ इतिहासात आहे. ओडीयू२ एसडीएचच्या ९.९५३ जीबीपीएससाठी बेतला होता. त्याच्या पेलोडला ९.९९५२७७ जीबीपीएस मिळतात. १० गिगाबिट इथरनेटचा लॅन फाय (पोर्टचा नेहमीचा भौतिक थर) चालतो १०.३१२५ वर. बसत नाही. त्यावर निघालेले तोडगे आजही शेजारी शेजारी नांदतात.

एक, जीएफपी-एफ. फक्त मॅक फ्रेम घ्या आणि साध्या ओपीयू२ मध्ये घाला. सूत्राने १५१८ बाइटला ९.९२२ जीबीपीएस, ९६०० बाइटला ९.९८७५, दोन्ही मावतात. पूर्ण वेग मिळतो, लाइन मानक १०.७०९ जीबीपीएसवर राहते. फक्त प्रीअँबल आणि ऑर्डर्ड सेट (लिंकची स्थिती सांगणारे खास कोड) जात नाहीत.

दोन, जीएफपी-एफच, पण प्रीअँबल आणि ऑर्डर्ड सेटसकट. आता ९६०० बाइटच्या फ्रेमना ९.९९५८ जीबीपीएस लागतात आणि उपलब्ध आहेत ९.९९५३. एवढ्याशा तुटीसाठी ओपीयूच्या ओव्हरहेडमधले ७ बाइट पेलोडसाठी वापरले जातात. पेलोड टाइप ०९. प्रीअँबलमध्ये स्वतःची माहिती घालणारी काही उपकरणं असतात, त्यांच्यासाठी हा मार्ग.

तीन, सगळा १०.३१२५ चा प्रवाह बिट-समकालिक पद्धतीने ओडीयू२ई मध्ये. पेलोड टाइप ०३. फ्रेम तीच, पण घड्याळ वाढवलेलं: ओडीयू२ई १०.३९९५ जीबीपीएस, लाइनवर ओटीयू२ई ११.०९५७. याचाच एक भाऊ ओटीयू१ई, त्यात भरतीचे स्तंभ नसतात आणि वेग ११.०४९१. दोघांतला फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, पण एका टोकाला १ई आणि दुसऱ्याला २ई लावलं तर फ्रेम सापडणार नाही. प्रकाश चांगला येत असूनही लॉस ऑफ फ्रेम दिसेल. मध्ये रिजनरेटर (सिग्नल नव्याने तयार करून पुढे पाठवणारं उपकरण) असेल तर तोही या वेगाला चालणारा हवा.

चार, राउटरचा पोर्टच वॅन फायमध्ये (एसडीएचच्या वेगाला जुळणारा भौतिक थर) चालवणं: ९.९५३२८ जीबीपीएस, साध्या ओडीयू२ मध्ये मावणारा. पण प्रत्यक्ष इथरनेटला सुमारे ९.२९४ जीबीपीएसच मिळतात. दोन्ही राउटर वॅन फायवर हवेत. एक लॅनवर राहिला तर लिंक येत नाही.

नव्या जाळ्यात १०० जीची लाइन असेल तर निर्णय सोपा आहे. ओडीयू४ मध्ये १.२५ जीचे ८० स्लॉट, ओडीयू२ई ला ८ लागतात, म्हणजे दहा पूर्ण पारदर्शक १० गिगाबिट. तिथे जीएफपी-एफ लावण्याचं काही कारण उरत नाही. ओडीयू३ वर मात्र ओडीयू२ई ला ९ स्लॉट लागतात आणि एकूण स्लॉट ३२, म्हणजे तीनच बसतात. तिथे जीएफपी-एफसह साधा ओडीयू२ घेतला तर चार बसतात.

*पुढचे वेग.* १०० गिगाबिटचे १०३.१२५ जीबीपीएस ओपीयू४ च्या १०४.३५६ मध्ये सरळ जीएमपीने जातात. ४० गिगाबिटचे ४१.२५ ओपीयू३ च्या ४०.१५ मध्ये मावत नाहीत, म्हणून १०२४बी/१०२७बी ट्रान्सकोडिंग करून ४०.११७ वर आणतात. मधल्या कुठल्या वेगाची पॅकेट-सेवा द्यायची असेल, समजा ३ जीबीपीएस, तर ओडीयूफ्लेक्समध्ये (हव्या त्या मापाचा ओडीयू) जीएफपी-एफ. ओडीयू२ च्या जाळ्यात स्लॉटमागे सुमारे १.२४९ जीबीपीएस धरा. दोन अपुरे, तीन घ्या.

पायरी ५: सेटिंगचा क्रम

खालून वर या. लाइन उभी राहण्याआधी क्लायंट पोर्टचे अलार्म वाचण्यात अर्थ नाही.

१. लाइनचा ओटीयू प्रकार आणि एफईसी दोन्ही टोकांना एकच ठेवा. मानक एफईसी आरएस(२५५,२३९). कंपन्यांच्या स्वतःच्या सुधारित एफईसी एकमेकींना समजतीलच असं नाही. फ्रेम सापडते पण दुरुस्त न होणाऱ्या त्रुटींचा पूर येतो, तेव्हा आधी इथे पाहा.

२. एफईसीच्या आधीचा त्रुटिदर टिपून ठेवा. एफईसीनंतर शून्य दिसत असलं तरी आधीचा आकडा चढत असेल, तर लिंक काठावर चालली आहे.

३. ओडीयू जोडणी करा. ट्रिब्युटरी स्लॉट दोन्हीकडे तेच, आणि स्लॉटची जातही तीच: २.५ जीच्या स्लॉटचा पेलोड टाइप २०, १.२५ जीचा २१. जुन्या कार्डाला २० च येत असेल तर ओडीयू० थेट ओडीयू२ मध्ये चढणार नाही.

४. ट्रेल ट्रेस (मार्ग कुठून कुठे जातो ती ओळखपाटी) लावा. ६४ बाइटपैकी १६ स्रोताचे, १६ गंतव्याचे, ३२ ऑपरेटरचे. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून टाळलं जातं, आणि मग पॅच पॅनेलवर दोन फायबर अदलाबदल झाल्याचं ग्राहकाच्या फोनवरून कळतं.

५. क्लायंट मॅपिंग, पेलोड टाइप, पेलोड एफसीएस.

६. क्लायंट पोर्ट: वेग, ऑटोनिगोशिएशन, कमाल फ्रेम आकार, एफईसी. १०० गिगाबिटमध्ये एसआर४ (जवळच्या अंतराच्या) ऑप्टिक्सला आरएस(५२८,५१४) एफईसी लागते, एलआर४ ला (लांबच्या अंतराच्या) नको असते. राउटरने ऑप्टिक पाहून आपोआप चालू केलेली आणि ट्रान्सपॉन्डरवर (क्लायंट पोर्ट ऑप्टिकल लाइनला जोडणारं कार्ड) बंद राहिलेली एफईसी हे ‘प्रकाश आहे, लिंक नाही’ यामागचं नेहमीचं कारण.

पायरी ६: बिघाड पलीकडे कळू द्या

इकडची केबल निघाली तर तिकडच्या राउटरला ते कळायला हवं, नाहीतर तो काळ्या खड्ड्यात पॅकेट टाकत राहील. जीएफपीत यासाठी क्लायंट सिग्नल फेलची व्यवस्थापन फ्रेम आहे. ती १०० ते १००० मिलिसेकंदांच्या अंतराने जाते. ओडीयूच्या थेट मॅपिंगमध्ये पीएसआयमधला (ओपीयूच्या ओव्हरहेडमधली पेलोडची माहिती) बिट हे काम करतो. पलीकडच्या कार्डाने त्यावर काय करायचं ते तुम्ही ठरवायचं: लेझर बंद, किंवा १० गिगाबिट आणि वरच्या वेगांना लोकल फॉल्टचा ऑर्डर्ड सेट. दुसरा पर्याय चांगला. लेझर चालू राहिला की परत उभं राहायला कमी वेळ लागतो आणि दोष केबलचा की ट्रान्सपोर्टचा हे राउटरवर वेगळं दिसतं.

लेझर बंद करायचाच असेल तर होल्ड-ऑफ वेळ (बंद करण्याआधी थांबायचा अवधी) लावा. ऑप्टिकल संरक्षण ५० मिलिसेकंदांत स्विच होतं. होल्ड-ऑफ शून्य असेल तर तेवढ्या अवधीत लेझर बंद होऊन राउटरची लिंक पडते, राउटिंग पुन्हा बसायला काही सेकंद जातात आणि संरक्षणावर केलेला खर्च वाया जातो. १०० मिलिसेकंद ही बरी सुरुवात.

चाचणी, आणि काय कशामुळे दिसतं

आधी जवळच्या टोकाला लूप, मग दूरच्या टोकाला, मग दोन्हीकडे टेस्टर. सगळ्या फ्रेम आकारांवर आणि पूर्ण वेगावर तपासा. शक्य असेल तर टेस्टरचं घड्याळ +१०० पीपीएमवर नेऊन. ९९ टक्क्यांवर तासभर स्वच्छ चाललेली लिंक १०० टक्क्यांवर पॅकेट टाकते, तेव्हा कंटेनरमध्ये घड्याळाच्या फरकापुरतीही जागा ठेवलेली नसते.

पिंग जातो पण मोठी फाइल अडकते: कमाल फ्रेम आकार पाहा. पोर्टची मर्यादा १५१८ असेल आणि ग्राहक व्हीलॅन टॅग लावत असेल तर फ्रेम १५२२ होते, दुहेरी टॅगला १५२६. हा आकडा कार्ड एफसीएससकट मोजतं की सोडून, हे कंपनीगणिक बदलतं. माहितीपत्रक पाहूनच भरा.

लिंक वर आहे, साधी वाहतूक जाते, पण एलएसीपी (अनेक लिंक एका गटात बांधणारा प्रोटोकॉल) बांधला जात नाही: जीएफपी-एफच्या कार्डात लेयर-२ स्विच असेल तर तो ०१-८०-सी२-००-००-०२ या पत्त्याच्या फ्रेम पुढे जाऊ देत नाही. स्पॅनिंग ट्रीच्या ०० ने संपणाऱ्या आणि एलएलडीपीच्या ०ई ने संपणाऱ्या पत्त्यांचंही तेच. टनेलिंग चालू करा किंवा पोर्टला शुद्ध पॉइंट-टू-पॉइंट मॅपिंगमध्ये घाला.

पॉज चालू असूनही फ्रेम पडतात: अंतर मोजा. पारदर्शक मॅपिंगमध्ये पॉज पलीकडे पोहोचतो, पण १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद लागतो. तेवढ्या वेळात १ जीबीपीएसने १२५ किलोबाइट आधीच वाटेत असतात, आणि घेणाऱ्या स्विचच्या पोर्टला तेवढा बफर हवा. १० जीबीपीएसला हाच आकडा १.२५ मेगाबाइट. लांबच्या लिंकवर पॉजच्या भरवशावर न राहता पाठवणाऱ्या टोकालाच वेग बांधून द्यावा.

जीएफपीचा लॉस ऑफ फ्रेम डिलिनिएशन येतो आणि जातो: कोअर हेडर सापडत नाही. घेणारं कार्ड हंट अवस्थेत बाइट बाइट सरकत जुळणारा सीएचईसी शोधतं, मग प्रीसिंक, मग सिंक. सिंकमध्ये असताना हेडरमधला एक चुकलेला बिट दुरुस्त होतो, त्याहून जास्त झाले की पुन्हा हंट. अधूनमधून येत असेल तर खालच्या थरातल्या त्रुटी पाहा. कायमचा असेल तर एकीकडे जीएफपीच नाही, किंवा व्हीसी गटातल्या सदस्यांचा क्रम चुकला आहे; दुसऱ्या शक्यतेत सिक्वेन्स मिसमॅचचा अलार्मही शेजारी दिसेल.

यूजर पेलोड मिसमॅच: जीएफपी सापडला, पण यूपीआय वेगळा. इथरनेट जीएफपी-एफचा ०१, पारदर्शक गिगाबिटचा ०६. हा अलार्म आला की फायबर, पॉवर मीटर आणि स्प्लाइस यांच्याकडे जाऊ नका. दोन्ही टोकांची मॅपिंगची पानं शेजारी ठेवून वाचा.